गीताईची सुबोधता आणि न ऐकणारा वाचक

विनोबांची ‘गीताई’ सुबोध आहे, हे मराठीत इतक्या वेळा म्हटले गेले आहे की त्या विधानाची फोड करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. ग्रंथ सुबोध आहे म्हणजे कोणास सुबोध आहे, आणि त्यातील शब्द परिचित आहेत म्हणजे ते कोणत्या वाटेने परिचित झाले, हे दोन प्रश्न त्या विधानाच्या पोटात दडलेले आहेत. पहिल्याचे उत्तर निदान ढोबळपणे दिले जाते: स्त्रियांना, मुलांना, संस्कृत न जाणणाऱ्या सामान्य माणसाला. दुसरा प्रश्न मात्र विचारलाच जात नाही, कारण ऐकू येणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर स्वयंसिद्ध वाटते. शब्द कानावर पडतात आणि ओळखीचे होतात, यात विचारण्यासारखे ते काय? परंतु ज्याच्या कानावर काहीच पडत नाही अशा वाचकापुढे ‘गीताई’ ठेवली, म्हणजे हे स्वयंसिद्ध उत्तर डळमळू लागते, आणि सुबोधतेची आपली सारी कल्पनाच कानाच्या आधारावर उभी आहे हे ध्यानात येते.

‘गीताई’च्या जन्माची हकीकत सर्वश्रुत आहे. विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई गीतेवरील प्रवचन ऐकावयास जात. संस्कृत श्लोक त्यांना कळत नसत. मुलाने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, तीही त्यांना अवघड वाटली, आणि मग तूच का करीत नाहीस, असे त्या मुलाला म्हणाल्या. १९१८ साली त्या निवर्तल्या. त्यानंतर बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी, विनोबांनी या कामाला हात घातला, आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पुरे केले. आश्रमातील लहान मुलींना हे श्लोक शिकवून पाहावे, त्यांना जेथे अडेल तेथे शब्द बदलावे, अशी पारखही त्यांनी केली. १९३२ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या हकीकतीकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. ‘गीताई’चे मोजमाप ठरविणाऱ्या दोन्ही कसोट्या कानाच्या आहेत. एक कसोटी मातेच्या स्मृतीतील कानाची, दुसरी आश्रमातील मुलींच्या कानाची. रुक्मिणीबाईंचा शब्दसंग्रह पुस्तकातून आलेला नव्हता. तो अभंगांतून, कीर्तनप्रवचनांतून, घरातील देवपूजेतून आलेला होता. ‘कर्म’, ‘भक्ती’, ‘माया’, ‘वैराग्य’, ‘निर्गुण’ हे शब्द शाळेच्या पहिल्या पुस्तकात सापडणार नाहीत, आणि कोणी शिक्षक मुलांसाठी शब्दांची यादी करावयास बसला तर त्यांना कठीण शब्दांच्या रकान्यात टाकील. तरी ते अशा बाईला परके नव्हते. त्यांचा अर्थ तिला सांगता आला असता की नाही, हा निराळा प्रश्न आहे. शब्दाची ओळख आणि शब्दाचे अर्थज्ञान या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि कानाचे वैशिष्ट्य असे की तो पहिली गोष्ट दुसरीच्या आधी, कधी दुसरीवाचूनच, देऊन टाकतो. आरत्यांतील कित्येक शब्द लोक पिढ्यान्पिढ्या चुकीचे म्हणत आले आहेत. अर्थ विचारला तर अडखळतात. पण ते शब्द परके आहेत असे त्यांस कधी वाटत नाही. अर्थ पुढे केव्हा तरी येतो, न आला तरी बिघडत नाही. जागा मात्र आधीच धरून ठेवलेली असते.

आपल्या भाषेनेच याची नोंद करून ठेवली आहे. विद्वानाला आपण ‘बहुश्रुत’ म्हणतो. वेद ही ‘श्रुती’. बातमी ‘कानावर येते’, लौकिक ‘सर्वश्रुत’ असतो (हा शब्द वरच्याच एका परिच्छेदात सहज येऊन गेला आहे), आणि अडाणी माणसाचे ज्ञान ‘ऐकीव’ असले तरी ते ज्ञान म्हणून जमेस धरले जाते. याच्या उलट, न ऐकणाऱ्या माणसाला जी नावे दिली गेली त्यांत ‘मूकबधिर’ हे जोडनाव दीर्घकाळ चालले. जणू एक उणीव सांगितली की दुसरी ओघानेच आली. आज ‘कर्णबधिर’ हा शब्द रूढ झाला आहे, आणि तो अधिक अचूक आहे, कारण बहिऱ्या माणसाचा कंठ सहसा शाबूत असतो. त्याला शब्द मिळालेले नसतात, इतकेच.

येथे एक भेद आरंभीच करून ठेवणे जरूर आहे. भाषा आत्मसात झाल्यावर ज्याचे कान गेले, आणि ज्याला जन्मापासून किंवा वर्षा-दोन वर्षांच्या आतच ऐकू येईनासे झाले, हे दोघे श्रवणमापनाच्या आलेखावर एकाच रेषेवर असतील, पण शब्दांच्या जगात त्यांच्यामध्ये फार मोठे अंतर असते. बीथोव्हनने बहिरेपणात रचना केल्या, याचे नवल सर्वांस वाटते. परंतु त्याच्या अंतःकर्णात संगीत आधीच भरलेले होते. (वर्धेच्या वाचकाला येथे मीराबेन आठवल्यावाचून राहणार नाहीत. बीथोव्हनच्या ओढीने त्या रोमाँ रोलाँपर्यंत पोचल्या, आणि तेथून गांधीजींपर्यंत व पुढे शेगावपर्यंत, ज्याचे सेवाग्राम झाले.) उतारवयात ऐकू येईनासे झालेला वारकरी ‘गीताई’ वाचील तेव्हा त्याचे डोळे कानाचेच काम करतील; छापील ओळ त्याच्या आत वाजू लागेल. येथे विचार करावयाचा आहे तो जन्मतः बहिऱ्या वाचकाचा, ज्याच्या आत ती वाजत नाही.

या वाचकाला शब्द कसे भेटतात? ओठांवरून, असे सामान्यतः समजले जाते. पण ओठ फार थोडे सांगतात. प, ब आणि म हे तिन्ही वर्ण ओठ मिटून उच्चारले जातात आणि बाहेरून सारखेच दिसतात. घोष कंठात होतो, अनुनासिकत्व नाकात, आणि दोन्ही अदृश्य. वर्धा जिल्ह्यातील घरांत आईला ‘माय’ म्हणतात. ओठांकडे पाहून शिकणाऱ्या मुलाला ‘माय’, ‘बाय’ आणि ‘पाय’ हे तीन शब्द नसून एकच आहे. क, ख, ग, घ तर तोंडाच्या आतच राहतात. ओठ वाचणारा माणूस दिसलेल्या थोड्या खुणांवरून वाक्य ओळखतो ते संदर्भाच्या बळावर, आणि संदर्भ ओळखावयास आधी भाषा यावी लागते. म्हणजे ज्या पायरीवर चढण्यासाठी शिडी हवी, ती शिडी त्या पायरीवरच ठेवलेली आहे.

दुसरी वाट लिपीची. देवनागरी उच्चारानुसारी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते बव्हंशी खरे आहे. परंतु ज्याने उच्चार ऐकला आहे त्याच्यासाठीच ते खरे आहे. ‘जरा’ हा शब्द घ्यावा. तालव्य ज उच्चारला तर तो म्हातारपण, दंततालव्य उच्चारला तर थोडेसे. ऐकणाऱ्या मराठी माणसाला हे दोन शब्द आहेत आणि त्यांची गल्लत त्याच्याकडून कधी होत नाही. छापील पानावर एकच आहे. गीतेच्या विषयात जन्म, मृत्यू, जरा, व्याधी ही माळ येणारच. ज्याला पाठ्यपुस्तकाने ‘जरा थांब’ एवढेच शिकविले आहे, त्या वाचकाने येथे काय समजावे? ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, याचीही तीच गत. अशा जोड्या मराठीत असंख्य नाहीत, पण ज्या आहेत त्या नित्याच्या शब्दांत आहेत.

बोलीचा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. या जिल्ह्यातील ऐकणारे मूल शाळेत येते ते ‘पानी’, ‘मले’, ‘तुले’ असे शब्द घेऊन. कोठे कोठे ‘डोळा’चा ‘डोया’ही असतो. शाळा त्याला ‘पाणी’, ‘मला’, ‘डोळा’ शिकविते. शिक्षणशास्त्रज्ञ याला अडचण मानतात, आणि ती अडचण आहेही. पण ती एका शब्दावरून त्याच्या भावंडाकडे जाण्याची अडचण आहे. बहिऱ्या मुलाला ती नाही. त्याच्याजवळ ‘पानी’ नाही, म्हणून ‘पाणी’ लिहिताना न की ण असा घोटाळाही नाही. त्याची प्रमाण मराठी, जेवढी येते तेवढी, कित्येकदा अधिक शुद्ध असते. ही शुद्धता हेवा करण्याजोगी नव्हे. मागे घर नसलेल्या दारासारखी ती आहे.

शब्दांच्या परिचयाचे मोजमाप करणाऱ्या शास्त्राने या प्रश्नाची दखल फार उशिरा घेतली. थॉर्नडाइकने १९२१ मध्ये शिक्षकांसाठी दहा हजार इंग्रजी शब्दांची वारंवारतेनुसार यादी प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून ‘सोपा शब्द’ म्हणजे ‘वारंवार येणारा शब्द’ हे समीकरण रूढ झाले. ही मोजणी छापील मजकुराची होती. गंमत अशी की ज्या मुलांसाठी ती वापरली गेली त्यांचा शब्दपरिचय कानाने झालेला होता, छापील पानाने नव्हे. आणि ज्या वाचकाला ती काटेकोरपणे लागू पडावी, तो बहिरा वाचक तिच्या कर्त्यांच्या मनातही नव्हता. मराठीपुरते पाहिले तर हे उघड दिसते. ‘अगं बाई’, ‘हुश्श’, ‘गप’, ‘चल ना’ हे उद्गार ऐकणाऱ्या मुलाला बोलता येण्याआधीच ठाऊक होतात, आणि पुस्तकांत क्वचित आढळतात. उलट ‘तथापि’, ‘उपरोक्त’, ‘सदरहू’ हे शब्द कोणी घरात बोलत नाही, पण वाचून भाषा शिकलेल्या माणसाला ते अनेकदा दिसलेले असतात. त्याच्या लेखी पहिले अवघड आणि दुसरे सोपे ठरावेत यात नवल नाही.

हे सर्व ध्यानात घेऊन ‘गीताई’कडे वळले असता निष्कर्ष अपेक्षेच्या उलट निघतो. समीक्षक सामान्यतः असे मानील की ‘गीताई’तील तत्सम शब्द न ऐकणाऱ्या वाचकाला अडवतील आणि घरगुती मराठी शब्द त्याला हात देतील. वस्तुस्थिती तशी नाही. तत्सम शब्दांची घडण डोळ्यांना दिसते. कर्म, अकर्म, विकर्म, कर्ता, कर्तव्य, कार्य: यांतील धातू एकदा दाखवून दिला की डोळे पुढचे काम करतात. ‘अनासक्त’, ‘निष्काम’, ‘निर्मम’ यांतील नकार शब्दाच्या दारातच उभा असतो. हे शब्द ऐकणाऱ्यालाही व्याख्येनेच शिकावे लागतात. तेथे दोघे वाचक जवळजवळ एका पातळीवर आहेत.

अडचण आहे ती अस्सल मराठीत. आपल्या भाषेतील भावनांचे शब्द पाहावेत: तळमळ, हुरहुर, कळकळ, धाकधूक, चुटपुट, घालमेल. यांचे व्याकरण नादाचे आहे. खळखळ आणि किणकिण यांत प्रत्यक्ष आवाजाचे अनुकरण आहे हे कोणीही सांगेल, पण ‘हुरहुर’ हा आवाज कशाचा? कशाचाच नाही, तरी कानाने वाढलेल्या माणसाला तो शब्द ऐकताच छातीत काही हलल्यासारखे वाटते. ‘लखलख’ ही तर डोळ्यांनी पाहावयाची गोष्ट, आणि तिच्यासाठीही मराठीने नादच वापरला. बहिऱ्या वाचकाला या प्रत्येक शब्दाची स्वतंत्र घोकंपट्टी करावी लागते. धातू दाखविता येत नाही, उपसर्ग सोडविता येत नाही, आणि कोश हाती दिला तर तो ‘हुरहुर’ म्हणजे ‘रुखरुख’ असे सांगून मोकळा होतो.

तथापि ‘गीताई’तील खरी अवघड जागा याहूनही लहान शब्दांत आहे. ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘तो’, ‘की’, ‘ना’ ही अव्यये कोणत्याही यादीत सर्वांत सोपी ठरतील. वारंवारतेत त्यांच्या वर कोणी नाही. त्यांचा अर्थ मात्र स्वरात असतो. ‘तोच’ म्हणताना आवाज कोठे चढतो आणि ‘तोही’ म्हणताना कोठे रेंगाळतो, यावर वाक्याचा रोख ठरतो. समश्लोकी पद्यात चरणाची अक्षरे मोजकी असतात; क्रियापद पुढेमागे सरकते किंवा गळून जाते, कर्ता मागल्या श्लोकात राहतो, सर्वनाम हवेत लोंबकळते. ऐकणारा वाचक हे सर्व चालीच्या आधाराने जागच्या जागी बसवितो. किंबहुना बसविण्याचे काम आपण केले हेही त्याला कळत नाही, आणि म्हणून तो ग्रंथाला सुबोध म्हणतो. विनोबा आणि त्यांचे बंधू शिवाजीराव भावे यांनी गीताईचा शब्दार्थकोश सिद्ध केला, तो एकेका शब्दासाठी मोलाचा आहे. पण चाल कोशात येत नाही. ‘गीताई’ची सुबोधता बऱ्याच अंशी तिच्या शब्दांत नसून त्यांच्यामधल्या विरामांत आहे, असे म्हणणे हा तिचा गौरव ठरेल, आणि तिच्या मर्यादेची नोंदही.

या दृष्टीने ‘गीता प्रवचने’ शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जून १९३२ पर्यंत धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. म्हणजे हा ग्रंथ मुळात उच्चारलेला; तो बहिऱ्या वाचकाला अधिक दूरचा असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो जवळचा आहे. बोलणाऱ्या माणसाला श्रोत्यांच्या चेहऱ्यावर न समजल्याची खूण दिसते, आणि तो तीच गोष्ट दुसऱ्या दाखल्याने पुन्हा सांगतो. ही पुनरुक्ती लिहिणाऱ्याने जशीच्या तशी राहू दिली. शिवाय दाखले पुष्कळदा दृष्टीचे आणि स्पर्शाचे आहेत. कर्मात मन ओतले म्हणजे काय होते हे सांगताना विनोबा मुलाच्या पाठीवरून फिरणाऱ्या आईच्या हाताचे उदाहरण घेतात. हात साधा, पाठ साधी, क्रिया क्षुल्लक. तरी त्या दोघांना काय वाटते ते सांगता येत नाही. हे उदाहरण समजण्यासाठी कान लागत नाही. ‘विकर्म’ हा शब्द ज्याने कधी ऐकलेला नाही त्याला तो येथे हाताने कळतो, आणि ज्याने शंभर वेळा ऐकला आहे त्याच्याहून कदाचित अधिक नेमका कळतो. समीक्षेत ‘प्रवचने’ ही ‘गीताई’ची पूर्वतयारी किंवा टीका समजली जातात, न ऐकणाऱ्या वाचकापुरता तरी हा क्रम उलटा लावावा लागेल. त्याच्यासाठी ‘प्रवचने’ हाच मूळ ग्रंथ, आणि ‘गीताई’ हे त्याचे सूत्ररूप.

हाताने शब्द कळण्याची गोष्ट वर्धेला नवी नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत नई तालीमची मांडणी झाली, झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला, आणि हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्य ठरला. टकळी, चाती, पेळू, सरकी हे शब्द त्या शाळांतील मुलांच्या बोटांतून डोक्यात गेले. बहिऱ्या मुलाच्या शिक्षणाला यापेक्षा अनुकूल तत्त्व शोधून सापडणार नाही. पण त्याच योजनेचा दुसरा खांब होता मातृभाषेतून शिक्षण, आणि मातृभाषा मुलाने घरूनच आणलेली असते हे गृहीत तेथे प्रश्नावाचून स्वीकारले गेले. अमेरिकेतील पाहण्यांत असे आढळले आहे की नव्वद टक्क्यांहून अधिक बहिरी मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. आईची भाषा जवळ असूनही मुलाची होत नाही अशी ही स्थिती. ‘मातृभाषा’ हा शब्द तेथे लागू पडत नाही.

त्या मुलाची भाषा कोणती, याचे उत्तर भाषाशास्त्राने १९६० पासून स्पष्ट दिले आहे. त्या वर्षी विल्यम स्टोको यांनी अमेरिकन खुणांच्या भाषेची रचना उलगडून दाखविली आणि हातवारे म्हणून ज्यांची बोळवण होत होती त्यांना घटक, रूपे आणि व्याकरण आहे हे सिद्ध केले. भारतात वशिष्ठ, वुडवर्ड व विल्सन यांनी १९७० नंतरच्या दशकात दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगलोर येथील खुणांची पाहणी केली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. त्याच्या कोशाची पहिली आवृत्ती २०१८ साली ३,००० शब्दांची होती, २०२१ ची तिसरी १०,००० शब्दांची आहे. ही वाढ स्वागतार्ह आहे. मात्र कोशात खूण सापडली म्हणजे मराठी शब्द परिचित झाला असे नव्हे. या भाषेचे व्याकरण मराठीचे नाही. प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते, विभक्तिप्रत्ययांचे काम हाताच्या दिशेने व जागेने होते. बहिरा वाचक मराठी पुस्तक उघडतो तेव्हा तो दुसऱ्या भाषेचे पुस्तक उघडतो. इंग्लंड व वेल्समधील शाळा सोडणाऱ्या बहिऱ्या विद्यार्थ्यांची रूबेन कॉनरॅड यांनी केलेली पाहणी १९७९ साली प्रसिद्ध झाली. पंधरा-सोळा वर्षांच्या त्या मुलांचे मध्यक वाचनवय नऊ वर्षांचे निघाले. हा आकडा बुद्धीच्या उणिवेचा पुरावा म्हणून वाचणारे आजही भेटतात. ज्या भाषेचा एकही शब्द कानाने आलेला नाही ती केवळ डोळ्यांनी या मजलेपर्यंत आणणे हे किती बुद्धीचे काम आहे, असाही तो वाचता येतो.

मूकबधिरांसाठी ‘सोपे’ मराठी लिहिणाऱ्यांची चूक येथेच होते. ते जोडाक्षरे टाळतात, तत्सम शब्द काढून त्यांच्या जागी बोलीतील शब्द घालतात, वाक्ये तोडून लहान करतात. म्हणजे वाचकाला जे दिसते ते काढून घेतात आणि जे ऐकू येत नाही ते ठेवतात. तोडलेल्या वाक्यांमधला संबंध ‘म्हणून’, ‘तरी’, ‘कारण’ यांनी सांगावयाचा. वाक्ये तोडताना पहिला बळी याच शब्दांचा जातो, आणि उरलेल्या तुकड्यांचे नाते आवाजाने कळेल असे गृहीत धरले जाते. अशा पाठ्यांशापेक्षा ‘कर्मयोग’ हा शब्द बरा. तो निदान आपले दोन भाग उघड दाखवितो.

गोपुरीच्या गीताई मंदिराला छप्पर नाही. ७ ऑक्टोबर १९८० रोजी, म्हणजे लेखनारंभाला पन्नास वर्षे पुरी झाली त्या दिवशी, ते विनोबांच्या हस्ते खुले झाले. अठरा अध्याय तेथे शिलांवर कोरलेले आहेत. मातेच्या कानासाठी रचलेला ग्रंथ अशा रीतीने डोळ्यांसाठी उभा राहिला, आणि कोरीव अक्षराचा एक गुण असा की ते थांबते. पुन्हा मागे जाता येते, एका शब्दापाशी हवा तितका वेळ उभे राहता येते, जे पठणात शक्य नाही. शिलेवर चाल मात्र कोरलेली नाही. ‘गीताई’ची एखादी आवृत्ती न ऐकणाऱ्या वाचकांसाठी कोणी सिद्ध करील, तर तिच्यात कठीण शब्दांचे अर्थ समासात देण्याची घाई नको. त्याऐवजी प्रत्येक श्लोकाखाली त्याचा गद्य अन्वय द्यावा, गळलेला कर्ता व क्रियापद ठळक अक्षरांत भरून द्यावे, आणि ‘च’ व ‘ही’ जेथे जेथे येतील तेथे त्यांचा जोर कोणत्या पदावर आहे ते खुणेने दाखवावे. एकट्या दुसऱ्या अध्यायाचे जरी असे काम झाले, तरी मराठी अव्ययांच्या अर्थाविषयी आजवर झालेल्या विवेचनात जे निसटले आहे त्याचा बराचसा भाग हाती लागेल.